एकतिसावी ओळ

“मॅडम, हे काय कुंपण घालून ठेवलं तुम्ही?”

पिंपळशेंडे भाऊ माझ्या खुर्चीमागे उभे होते. चष्मा कपाळावर, हातात चहाचा कप. स्क्रीनवर तारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ##### उमटलं होतं. अडतीस ओळींत अडतीस जाळ्या.

“कुंपण नाही, भाऊ. रकाना अरुंद केला की तारीख त्यात मावत नाही. मग ते असं दाखवतं.”

“म्हणजे तारीख गेली?”

“तारीख आहे. आत आहे. फक्त दिसत नाही.” मी रकान्याची कड धरून ओढली. तारखा परत आल्या. “असं दिसलं तर घाबरायचं नाही. त्याच्याकडे लक्षच द्यायचं नाही. आतला आकडा शाबूत असतो.”

“आतला आकडा आत,” ते म्हणाले, “अन् साहेबाले पाहिजे बाहेरचा कागद.”

ते चहा पीत आपल्या टेबलाकडे गेले. पिंपळशेंडे आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतले टंकलेखक होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी इंग्रजीत तक्ता करायचा, छापून सही करायची, आणि त्या छापील कागदावरून त्यांनी तो मराठीत, मराठी आकड्यांत पुन्हा टंकायचा, अशी पद्धत होती. फाइल सरळ का देत नाही, असं मी रुजू झाल्यावर विचारलं होतं. “फाइलवर सही कशी करता?” असं उत्तर मिळालं होतं.

मार्च २०१३. विदर्भाच्या कापूसपट्ट्यातलं एक तालुक्याचं गाव. मी एमएस्सी केमिस्ट्री, अकरा महिन्यांच्या करारावर. तालुक्यातल्या अडतीस हातपंपांचं पाणी आम्ही महिनाभर तपासलं होतं. तिकडे हातपंपाला बोरिंग म्हणतात. पाण्यात फ्लोराइड होतं. ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त झालं की लहान मुलांचे दात तपकिरी येतात आणि मोठ्यांचे गुडघे, पाठ हळूहळू आखडत जाते. जिल्ह्याकडे फ्लोराइड काढणारी बारा यंत्रं आली होती. मार्चअखेर ती वाटून संपवायची होती. उद्या, शुक्रवारी सकाळी अकराला, जिल्ह्याच्या बैठकीत आमच्या तक्त्यावरून बारा गावं ठरणार होती. ज्यांचा आकडा सर्वांत मोठा, ती बारा. बाकीची बोरिंगं दोन रंगांत रंगवायची, पिण्यायोग्य असेल तर निळं, नसेल तर लाल.

सर्वांत मोठा आकडा मला पाठ होता. १०.६२. लच्छूपोड. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. हे पोड डोंगराच्या कुशीत होतं, बावीस घरांचं. तो नमुना मी तीनदा तपासला होता, दहापट पातळ करून. पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता.

“मॅडम, अभिप्रायाचा रकाना काऊन रिकामा?” पिंपळशेंडेंनी लांबूनच विचारलं.

“सगळ्यांना अभिप्राय नाहीये.”

“मग निरंक लिहा. रिकामा रकाना ठेवायचा नसतो. उद्या कोणी त्यात काही भरून टाकलं म्हणजे?”

ते खरंच तसं वागत. आठवड्याच्या रजेच्या तक्त्यात, स्टेशनरीच्या मागणीत, कुठेही मोकळी चौकट दिसली की ते निरंक टंकत. एकदा त्यांनी माझ्या ओळखपत्राच्या अर्जात ‘अपत्ये’ पुढे निरंक आणि ‘टोपणनाव’ पुढेही निरंक लिहिलं होतं. छत्तीस वर्षांत आपला एकही तक्ता वरून परत आला नाही, असं ते अभिमानानं सांगत.

आमचे प्रमुख देवतळे साहेब साडेअकराला आत आले. हातात मी सकाळी दिलेला कागद. खरं तर तीन कागद.

“ठवकर मॅडम, हे तीन पानं आहेत.”

“चौदा रकाने आहेत, सर.”

“असू द्या ना चौदा. बैठकीत एक पान पाहिजे. जिल्ह्याचे साहेब दुसरं पान उलटत नाहीत.”

“एका पानात बसवायची सोय आहे. पण मग अक्षर फार बारीक होतं.”

“बारीक नको. त्यांचा चष्मा बदलायचा आहे. मोठं अक्षर, एक पान, आडवा लीगल कागद.” ते जाता जाता वळले. “आणि हे नमुना क्रमांक सात मार्च, आठ मार्च काय लिहिलंय? नमुन्याला तारीख असते का?”

मी पाहिलं. नमुना क्रमांक ७/३, म्हणजे तिसऱ्या खेपेतला सातवा. संगणकानं त्याची आपल्या मनानं ७ मार्च करून टाकली होती. मी चौकटीचा प्रकार बदलून मजकूर केला. तर तिथे ७/३ न येता ४१३४० आलं. म्हणजे आता आत जे होतं, तेही बदललेलं होतं. अडतीस क्रमांक पुसून पुन्हा भरावे लागले. ते झालं तोवर लक्षात आलं की गावांच्या संकेतांकातलं पुढचं शून्य गेलं आहे. ०४१७ चं ४१७ झालं होतं. तेही भरले.

मला चीड येत होती, आणि ती कोणावर काढावी हे कळत नव्हतं. महिनाभर मी इलेक्ट्रोड धुतले, प्रमाण द्रावणं केली, प्रत्येक नमुना दोनदा मोजला. दशांशाच्या दुसऱ्या स्थळासाठी भांडले. आणि आता पूर्ण दिवस रकान्यांच्या कडा ओढण्यात चालला होता.

त्यातच दुपारी अय्याबाई आली.

अय्याबाई आत्राम लच्छूपोडची. पस्तिशीची असेल. ग्रामपंचायतीच्या माणसानं नमुना आणायचा असतो, पण तो रस्त्याकडेच्या पहिल्या बोरिंगवर सगळ्या बाटल्या भरायचा आणि चिठ्ठ्या वेगवेगळ्या लावायचा. हे तिनंच मला येऊन सांगितलं होतं, आणि लच्छूपोडची बाटली तिनं स्वतः आणली होती. नऊ किलोमीटर चालून, मग बसनं.

“झाला का व मॅडम, आमचा कागद?” ती दारातूनच म्हणाली.

“होतोय. उद्या बैठक आहे.”

“मशीन भेटते न आमाले?”

“तुमचा आकडा सगळ्यात मोठा आहे. तालुक्यात पहिला.”

“पह्यला?” ती पदर तोंडाला लावून हसली. हसताना तिचा हात नेहमी तोंडावर जायचा. “शाळंत तर आमचं कोनी पह्यलं आलं नाई आजलोक.”

तिच्या कडेवर मैना होती, दोन वर्षांची. मोठी सुरेखा पदर धरून उभी होती, अकरा-बारा वर्षांची, ओठ घट्ट मिटलेले. महिन्याभरापूर्वी मी सुरेखाला ‘आ’ करायला लावलं होतं. पुढचे चारही दात तपकिरी, खडबडीत.

“तुमी सांगतलं थे पोडात सांगतलं मी,” अय्याबाई म्हणाली. “बाया आयकतच नव्हत्या. म्हने, बोरिंग घरापाशी सोडून नाल्याच्या पल्याड कोन जाते? मी म्हटलं, मैनेचे दात आत्ता हिरडीच्या आत बनून रायले. दिसत नाई, पन बनून रायले. आत्ताच खराब पानी पाजलं त मंग काय दिसन? मंग आल्या. आता समद्या जातेत थ्या विहिरीवर.”

तेही मीच तिला सांगितलं होतं. पुढचे पक्के दात बाहेर येतात सहा-सात वर्षांनी, पण त्यांचं वरचं कवच तयार होतं ते बाळ चार महिन्यांचं असल्यापासून चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत. सुरेखाचं होऊन गेलं होतं. मैनाचं चालू होतं. नाल्यापलीकडच्या शेतातल्या विहिरीचं पाणीही मी तपासून दिलं होतं, ०.५८.

“पन किती दिवस जातीन?” ती म्हणाली. “दीड कोस हाय. मशीन लौकर पाठवजा.”

“मी नाही पाठवत. बैठकीत ठरतं.”

“तुमच्या कागदावरूनच न?”

“हो.”

“मंग कागद चांगला करा.” तिनं स्क्रीनकडे पाहिलं. “आमचं नाव कोनतं?”

मी बोट ठेवलं. एकतिसावी ओळ. तिला वाचता येत नव्हतं. तिनं सुरेखाला पुढे ढकललं. सुरेखानं ओठ फारसे न उघडता इंग्रजी आकडे वाचले, “एक, शून्य, टिंब, सहा, दोन.”

त्या गेल्या. मी पुन्हा रकान्यांकडे वळले.

गावांची नावं शेजारच्या चौकटीत घुसून अर्धी कापली जात होती. मी ती दोन ओळींत मोडली, तर ओळीची उंची वाढली आणि शेवटची सहा गावं दुसऱ्या पानावर गेली. उंची कमी केली, तर नावाची दुसरी ओळ गडप. अक्षर अर्ध्यानं लहान केलं. साहेबांनी नकार दिला. समास कमी केले, तर छपाईयंत्रानं उजवीकडचा रकानाच खाल्ला. प्रत्येक वेळी छापायचं, साहेबांना दाखवायचं, परत यायचं. चार वाजेपर्यंत कचऱ्याच्या डब्यात एकवीस कागद झाले होते. मी मोजले होते.

“मॅडम, आपण काही कादंबरी छापत नाही आहोत,” देवतळे साहेब म्हणाले.

“सर, आकडे बरोबर आहेत. मांडणी कशी का असेना.”

“आकडे बरोबरच असतात हो. ते कोण पाहतं?” ते हसले. मला हसू आलं नाही.

मग मी एकेक रकाना धरला आणि त्यातल्या आकड्यांपुरता अरुंद करत नेला. क्षारता, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड. केसाएवढी जागा इथे, केसाएवढी तिथे. चार वाजून पन्नास मिनिटांनी अडतीस गावं, चौदा रकाने, मोठं अक्षर, आडवा लीगल कागद. एक पान.

कागद हातात घेतला. वरून खाली नजर फिरवली. सही केली, तारीख घातली, पिंपळशेंडेंच्या टेबलावर ठेवला. माझी बस सव्वापाचची होती. मी पर्स उचलून दारापर्यंत गेले होते.

“मॅडम, जाता जाता एक—”

“आता काही नाही, भाऊ. हात जोडते.”

“नाही म्हणजे, इथं—”

“जसं आहे तसं असू द्या. आज मी या कागदाला पुन्हा हात लावणार नाही.”

“जसं आहे तसं?”

“जसं आहे तसं.”

ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “या मग. बस जाईल.”

पुढची दहा आठवड्यांची गोष्ट सांगण्यासारखी नाही. बैठक झाली. साहेब खूश होऊन आले, एका पानाचं कौतुक झालं होतं. मी दुसऱ्या तालुक्याचे नमुने घेतले. अंतिम यादी सूचना फलकावर लागली होती. मी रोज तिच्यासमोरून जायचे. ती माझ्याच आकड्यांची होती, वाचायचं काय त्यात?

एकतीस मे. उन्हानं बाहेर पाहवत नव्हतं. अय्याबाई आत आली, एकटीच. बसली नाही. तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती. तेंदूपत्त्याचा हंगाम नुकताच संपला होता.

“मॅडम, तुमी खोटं काऊन बोलल्या माह्यासंग?”

“काय झालं?”

“आमचं बोरिंग निळं रंगवून गेले.”

“निळं?”

“निळं. त्याच्यावर लिवलं, पिन्यास योग्य. सुरेखानं वाचलं. गुढीपाडव्याच्या मांगंपुढं आले होते गाडी घेऊन. मी म्हटलं, बाप्पा, तुमी चुकले, हे लाल करा. थे म्हने, बाई, आमच्याजवळ यादी हाय, तुमच्या पान्यात काईच नाई. निरंक हाय.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“आता बाया मले हासतेत,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “म्हने, तुह्या मॅडमच्या नादानं आमी उगाच डोस्क्यावर पान्याचे गुंड वायले. सरकारनं लिवून देल्लं त मंग? एकबी बाई जात नाई विहिरीवर. मी एकलीच जात होतो. मंग तेंदूपत्ता सुरू झाला. मी अंधारात जंगलात जावो, सासू घरी. थे मैनेले बोरिंगचंच पाजे. म्या सांगतलं त म्हने, निळं हाय न.”

“किती दिवस?”

“पाडव्यापासून.”

मी मनात मोजलं. मोजण्याची सवय वाईट असते. सात आठवडे.

“बसा, अय्याबाई. मी बघते.”

“तुमी पाहूनच त दिला होता आकडा.”

मी सूचना फलकाकडे गेले. मराठीतला सुंदर तक्ता. एकतिसावी ओळ. लच्छूपोड. फ्लोराइड: निरंक. यंत्रांची बारा गावं खाली ठळक अक्षरांत होती. बाराव्या गावाचा आकडा २.१० होता.

मी फलकावरची यादी काढून पिंपळशेंडेंच्या टेबलावर ठेवली.

“भाऊ, हे निरंक कुठून आलं?”

त्यांनी चष्मा खाली घेतला. यादी पाहिली. मग उठून कपाटातली फाइल काढली. घाई न करता पानं उलटली आणि माझा छापील कागद माझ्यासमोर ठेवला. एक पान. आडवा लीगल. खाली माझी सही.

एवढ्यात देवतळे साहेब बाहेर आले. काय झालं ते त्यांना दोन मिनिटांत कळलं. त्यांचा चेहरा उतरला.

“पिंपळशेंडे! अहो, दहा पॉइंट बासष्टचं निरंक? छत्तीस वर्षं काय केलं तुम्ही इथं?”

“सर, कागदावर दहा नाही.”

“मग काय आहे?”

“कुंपण आहे.”

साहेबांनी कागद ओढून घेतला. फ्लोराइडच्या रकान्यात सदतीस आकडे होते. ०.८४, १.९२, ४.१०, ३.३६. सगळ्यांची टिंबाच्या अलीकडची बाजू एका आकड्याची. एकाच ओळीत दोन आकडे होते, आणि मी रकाना अरुंद केला होता तो एका आकड्याच्या मापानं. तेवढ्या एका चौकटीत ####.

“हे मी कसं टंकू, सर?” पिंपळशेंडे म्हणाले. “मराठीत कुंपण नाही. मॅडमनं सकाळी सांगतलं होतं, अशाकडे लक्ष द्यायचं नाही. म्हणून मी चौकट रिकामी ठेवली. मग रिकामी चौकट बरी दिसेना.”

“विचारायचं नाही का?”

पिंपळशेंडेंनी कपाटाचं दार लावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खिडकीकडे पाहत राहिले.

“मेमो देतो तुम्हाला. लेखी खुलासा पाहिजे,” साहेब म्हणाले. “ठवकर मॅडम, तुम्ही निघून गेला होता ना तेव्हा? तुम्हाला हे कसं दिसणार?”

मला तेव्हा फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला जमतं. शाळेपासून माझ्या प्रगतिपुस्तकात तेच लिहिलेलं असे, अबोल आणि व्यवस्थित. माझा करार जुलैत संपणार होता आणि त्याच्या नूतनीकरणावर याच माणसाची सही लागणार होती.

“दिसलं होतं, सर,” मी म्हणाले.

“काय?”

“सही करताना दिसलं होतं. एकतिसाव्या ओळीत. तो रकाना रुंद केला असता तर अभिप्राय पुन्हा दुसऱ्या पानावर गेला असता. मला वाटलं, आत आकडा बरोबर आहे. आणि भाऊंनी विचारलं होतं. मी म्हणाले, जसं आहे तसं असू द्या. मेमो मला द्या.”

साहेबांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

“शुद्धिपत्रक काढू,” ते म्हणाले. “पण यंत्रं बसून गेलीत, मॅडम. पुढची खेप येईल तेव्हा.”

“आणि बोरिंग? ते निळं आहे.”

“शुद्धिपत्रक मंजूर झालं की रंगवणारी गाडी जाईल.”

“किती दिवस?”

“आता पावसाळा येतोय. दोन-तीन महिने धरा.”

“सर, मी उद्या जाऊन रंगवते.”

“आदेशाशिवाय? सरकारी मालमत्ता आहे ती.” ते आपल्या खोलीकडे वळले. दारात थांबले. “मी काही ऐकलेलं नाही.”

अय्याबाई बाकावर बसली नव्हतीच. भिंतीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पण कळलं किती असेल माहीत नाही. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. “आकडा कागदावर दिसत नव्हता. मी पाहिलं, आणि तसंच सोडलं.”

“काऊन?”

“कंटाळले होते.”

तिनं मान हलवली. मला वाटलं ती शिव्या देईल. “मी रोज दीड कोस जावो,” ती म्हणाली, “मी नाई कंटाळली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हार्डवेअरच्या दुकानातून लाल रंगाचा डबा, पांढऱ्याचा छोटा डबा आणि दोन ब्रश घेतले. बसस्टँडवर पिंपळशेंडे उभे होते. शनिवारची रजा टाकलेली, पायात चपला, हातात छत्री.

“तुम्ही कुठे, भाऊ?”

“अक्षर कोणाचं चांगलं आहे ऑफिसात?” ते म्हणाले.

नऊ किलोमीटर चालायला आम्हाला अडीच तास लागले. पोडात पोचलो तेव्हा बोरिंगवर बायका होत्या. निळा रंग उन्हात चकचकत होता, त्यावर पांढऱ्यात ‘पिण्यास योग्य’. अय्याबाई पुढे आली. फक्त दांडा धरून उभी राहिली, पाणी भरायचं थांबलं.

मी खालपासून वरपर्यंत लाल रंग दिला. पहिला हात निळ्यावर जांभळा दिसत होता. दुसरा हात दिला. एक म्हातारी, अय्याबाईची सासू असावी, कोलामीत काहीतरी बोलली. बायका हसल्या.

“काय म्हणाल्या त्या?” मी विचारलं.

“म्हने, सरकारले रंग लय झाला. पुढच्या खेपेले पिवळा आनजा.”

रंग वाळेपर्यंत आम्ही सावलीत बसलो. मग पिंपळशेंडेंनी पांढरा ब्रश घेतला. ‘पिण्यास अयोग्य’ लिहिलं, एकेका अक्षराला वेळ घेऊन. खाली आकडा लिहायला लागले, तर जागा पुरेना. पंपाचं अंग तिथे निमुळतं होतं. त्यांनी लहान अक्षरात सुरुवात केली.

“नाई,” अय्याबाई म्हणाली. “लहान नोको. मोठा लिवा.”

“मावत नाही, बाई.”

“मंग ओट्यावर लिवा.”

बोरिंगभोवती सिमेंटचा ओटा होता. पिंपळशेंडेंनी माझ्याकडे ब्रश दिला. मी गुडघ्यावर बसले. ओटा पावणेदोन मीटर रुंद होता. मी या कडेपासून त्या कडेपर्यंत आकडा लिहिला. १०.६२. एकेक अंक माझ्या हाताएवढा. सुरेखा मागे उभी राहून वाचत होती. या वेळी तिनं मोठ्यानं वाचलं.

सोमवारपासून सगळ्या बायका पुन्हा विहिरीवर जायला लागल्या, असं अय्याबाईनं पुढच्या खेपेला सांगितलं. माझा करार जुलैत संपला, नूतनीकरण झालं नाही. लच्छूपोडला यंत्र बसलं ते २०१७ मध्ये.

मी दुसऱ्या जिल्ह्यात एका महाविद्यालयात शिकवायला लागले. २०२० च्या जानेवारीत विद्यार्थ्यांना घेऊन त्या भागात गेले होते. लच्छूपोड वाटेवर नव्हतं. मीच वाट वाकडी केली.

ओट्यावरचा रंग झिजला होता. एक आणि शून्य गेले होते. टिंब आणि बासष्ट अजून दिसत होते. अय्याबाईनं मला लगेच ओळखलं. तिच्या डोक्यावरचे केस पांढरे झाले होते. सुरेखाचं लग्न ठरलं होतं. मैना आठ-नऊ वर्षांची, शाळेतून नुकतीच आलेली. नवीन दात पुरते आलेले.

“मॅडमले दात दाखव,” अय्याबाई म्हणाली.

मैनानं हात तोंडावर नेला नाही. सरळ मोठं तोंड उघडून हसली. पांढरे, स्वच्छ दात. मी खाली वाकून पाहिलं. वरच्या समोरच्या दोन दातांवर, मधोमध, एक आडवी रेघ होती. खडूनं ओढल्यासारखी, केसाएवढी बारीक. दोन्ही दातांवर एकाच उंचीवर.

कवच खालच्या कडेपासून हिरडीकडे थर-थर बनत जातं, आणि ज्या महिन्यांत काही बिघडतं त्या महिन्यांचा थर तसाच राहतो. ती रेघ कुठल्या महिन्यांची होती, हे मी सिद्ध करू शकणार नाही. त्या वयात ताप आला तरी तशी रेघ येऊ शकते. सात आठवडे पुरेसे असतात का, याबद्दल माझ्याकडे आकडेवारी नाही.

“कसे हायत?” अय्याबाईनं विचारलं.

“चांगले आहेत.”

“समदे?”

तिनंही ती रेघ पाहिली असणार. रोज पाहत असणार.

“एक रेघ आहे,” मी म्हणाले. “ती माझी आहे.”

अय्याबाईनं मैनाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि मला अजून जवळून पाहू दिलं.